घळ, भरती आणि विज्ञानाचा तास

शाळेंतील विज्ञानाच्या तासाविषयीं शिक्षकांची एक तक्रार फार जुनी आहे. मुलें बसतात, फळ्याकडे पाहतात, विचारलें तर मानही हालवितात. पण त्यांचें मन तेथें नसतें. व्याख्या पाठ होते, आकृति वहींत उतरते, परीक्षेंत गुणही मिळतात. आणि तोच मुलगा सुटींत घरीं आजोबांना विचारतो कीं, विहिरीचें पाणी थंडींत कोमट आणि उन्हाळ्यांत गार कां लागतें? म्हणजे जिज्ञासा मेलेली नसते. ती वर्गाच्या दाराशीं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवलेली असते.

लक्ष न लागण्याचा दोष मुलांच्या माथीं मारणें सोपें आहे. पूर्वीं तो गोट्यांवर आणि विटीदांडूवर ढकलीत, हल्लीं तो मोबाइलवर ढकलतात. पण लक्ष म्हणजे डोळे फळ्याकडे असणें नव्हे. जेथें माणसाचें कांहीं गुंतलेलें असतें तेथेंच त्याचें लक्ष असतें. कबड्डीच्या सामन्यांत ज्याच्या वाडीचा संघ उतरला आहे, त्याला ‘इकडे लक्ष दे’ असें कोणी सांगावें लागत नाहीं. विज्ञानाच्या तासाला मुलाची वाडी कोणत्याच बाजूनें उतरलेली नसते. प्रश्न शिक्षकाचा, उत्तर पुस्तकाचें, आणि सामना संपल्यावर निकाल तेवढा त्यानें उतरून घ्यावयाचा. अशा सामन्याला कोण जागा राहील?

यावर दोन उपाय नेहमीं केले जातात. पहिला दरडावण्याचा. त्याविषयीं फार बोलावयास नको. भीतीनें मान वर राहते, मन राहत नाहीं. दुसरा उपाय दिसावयास अधिक सुसंस्कृत, म्हणून त्याविषयीं अधिक सावध राहिलें पाहिजे. तो म्हणजे चमत्कार दाखविण्याचा. बशींत पाणी घेतलें, मध्यें मेणबत्ती पेटविली, तिच्यावर कांचेचा पेला उपडा घातला. ज्योत विझली, पाणी पेल्यांत चढलें, मुलांनीं टाळ्या वाजविल्या, तास रंगला. शिक्षक समाधानानें बाहेर पडतो. पण आठवड्यानंतर त्याच मुलांना विचारावें कीं पाणी वर कां चढलें, तर बहुतेकांच्या तोंडीं एकच वाक्य येतें: प्राणवायु जळून गेला आणि त्याची जागा पाण्यानें घेतली. हें उत्तर पुष्कळ पुस्तकांतही सांपडतें, आणि तें बरोबर नाहीं. ज्योतीच्या उष्णतेनें पेल्यांतील हवा प्रसरण पावते व तींतील कांहीं कडेखालून बुडबुड्यांच्या रूपानें निसटते. ज्योत विझली म्हणजे उरलेली हवा निवते, आकुंचन पावते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आंत ढकलतो. मुख्य कारण हें होय. ज्यानें नीट पाहिलें असेल त्याला एवढें तरी दिसेल कीं, ज्योत जळत असतां पाणी फारसें हालत नाहीं. ती विझूं लागतांच तें झपाट्यानें चढतें. प्राणवायु जळल्यानेंच तें चढत असतें, तर ज्योत जळत असतांनाच सावकाश चढत गेलें असतें. पण टाळ्या वाजविणाऱ्यानें हें पाहिलेलें नसतें. त्यानें गंमत पाहिलेली असते.

ही गोष्ट केवळ अनुभवानें सांगावयाची आहे असें नाहीं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत एरिक माझुर आणि त्यांचे सहकारी यांनीं तिची पद्धतशीर पाहणी करून ती २००४ सालीं प्रसिद्ध केली. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या कांहीं गटांना प्रयोग नुसता दाखविला. कांहींकडून तो दाखविण्यापूर्वीं ‘काय होईल?’ याचें उत्तर नोंदवून घेतलें. आणि कांहींना त्याशिवाय आपसांत वाद घालूं दिला. नुसता प्रयोग पाहिलेल्यांची समज, प्रयोग मुळींच न पाहिलेल्यांच्या समजेहून फारशी वरचढ ठरली नाहीं. आधीं अंदाज केलेले विद्यार्थी मात्र स्पष्टपणें पुढें गेले, आणि वाद घातलेले त्यांच्याही पुढें. पुढें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या एका पाहणींत याहूनही नवल दिसलें: सुमारें पांचांत एकदां विद्यार्थ्याला डोळ्यांपुढें घडलेला प्रयोगच उलटा आठवतो. मनांतली समजूत डोळ्यांनाही खोटें पाडते. विद्यापीठांतील तरुणांची जर ही गत, तर तेरा वर्षांच्या मुलाला नुसत्या गमतीनें शास्त्र समजेल ही अपेक्षा कशाच्या बळावर करावयाची? आणि तो अंदाज लिहून घ्यावयास वेळ तरी कितीसा लागतो? दोन-चार मिनिटें.

आतां हा विचार कोंकणांतील एखाद्या गांवच्या शाळेंत कसा उतरवितां येतो, तें पाहण्यासारखें आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर तालुक्यांत, वेळणेश्वराच्या दक्षिणेस, हेदवी हें समुद्रकांठचें गांव आहे. टेकडीवरच्या दशभुज गणपतीमुळें तें दूरवर ठाऊक आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकानें ज्या जागेला आवर्जून नमस्कार करावा, ती खालीं किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ आहे. तिचें नांव बामणघळ. काळ्या कातळांत पडलेली ही एक अरुंद आणि खोल चीर होय. ओहोटीच्या वेळीं पाहिली तर विशेष असें कांहीं दिसत नाहीं. भरती चढूं लागली आणि समुद्राला जोर असला, म्हणजे लाट त्या चिरेंत शिरते, आंत गडगडाट होतो, आणि पाण्याचा स्तंभ कातळाच्या डोक्यावरून उंच उडतो. प्रवासी तो पाहतात, छायाचित्रें काढतात आणि निघून जातात. गांवच्या मुलांनीं तर तो इतक्यांदां पाहिलेला असतो कीं, तो त्यांना दिसेनासा झालेला असतो. शिक्षकाचें पहिलें काम हें कीं, जें रोजचें आहे तें पुन्हां दिसावयास लावणें. मायकेल फॅरडे यानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांपुढें जीं प्रसिद्ध व्याख्यानें दिलीं, त्यांकरितां त्यानें विषय निवडला तो मेणबत्ती. घरांत मेणबत्ती नाहीं असें मूल त्या काळच्या लंडनमध्यें सांपडलें नसतें. हेदवीला मेणबत्ती शोधावयास नको. तेथें घळ आहे.

आठवीच्या वर्गापुढें बल आणि दाब यांचा धडा आहे असें धरावें. नेहमींची रीत अशी कीं, शिक्षक फळ्यावर व्याख्या लिहितो: एकक क्षेत्रफळावर लंब दिशेनें लावलेलें बल म्हणजे दाब. व्याख्या बिनचूक आहे. ती तासाच्या शेवटीं यावी, एवढेंच. आरंभीं शिक्षकानें मुलांना एक साधी गोष्ट विचारावी. समुद्रावरची लाट फार तर माणसाच्या छातीएवढी; घळींतून पाणी उडतें तें तिच्या कितीतरी वर. पाणी उताराकडे धांवतें, आपण होऊन वर चढत नाहीं, हें शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग तें लाटेहून उंच कोण नेतें?

प्रत्येकानें उत्तर पाटीवर किंवा वहींत लिहावयाचें, आणि लिहिल्याशिवाय सुटका नाहीं. हा नियम लहान दिसतो, पण वर्गाचा सारा रंग तोच पालटतो. नेहमींच्या वर्गांत हात वर करणारीं चार-पांच मुलें ठरलेलीं असतात. बाकीच्यांनीं आपली विचार करण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोंपविलेली असते. मागच्या बांकावरची मुलगी, जिचा आवाज सबंध वर्षांत कोणीं ऐकला नाहीं, तिलाही येथें एक बाजू घ्यावी लागते. उत्तरें येतात तीं अशीं: खालून झरा असेल, वारा उडवीत असेल, चीर आंत निमुळती होत असेल, आंत हवा कोंडत असेल. शिक्षकानें तीं सारीं फळ्यावर लिहावीं, प्रत्येकाच्या बाजूला किती जण आहेत तें मोजावें, आणि कोणतें खरें तें बोलूं नये. चेहऱ्यावरही दिसूं देऊं नये. मुलें शिक्षकाच्या भुंवया वाचण्यांत फार तरबेज असतात. भुंवई किंचित हालली कीं निम्मा वर्ग खोडरबर हातांत घेतो.

त्यानंतर शेजारच्याशीं वाद. वर्गांत गलबला होतो, शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारांतून डोकावून जातात, होऊं द्यावा. त्या गलबल्यांत शिक्षकानें बांकाबांकांतून फिरावें आणि एकच प्रश्न विचारीत जावें: तुझें म्हणणें खरें असेल, तर आणखी काय दिसलें पाहिजे? झरा म्हणणारा थोडा वेळ थांबतो आणि मग त्याचें त्यालाच उमगतें कीं, झरा असता तर पाणी ओहोटीलाही उडालें असतें. वारा म्हणणाऱ्याला कोणीतरी शेजारीच सांगतो कीं, वारा पडलेला असतांही मोठ्या लाटेला पाणी उडालेलें त्यानें पाहिलें आहे. शिक्षकानें कांहींच खोडलें नाहीं; खोडलें तें मुलांनीं. शास्त्राची सारी रीत या एका प्रश्नांत आहे, आणि ती मुलांना ‘वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या’ या शीर्षकाखालीं पाठ करावयास लावणें याहून मोठा विपर्यास दुसरा नाहीं.

उरलेल्या दोन बाजूंसाठीं प्रयोगाचें सामान घरोघर पडलेलें आहे. डोळे असलेल्या बाजूची एक नारळाची करवंटी घ्यावी. तिचा मऊ डोळा टोंचून मोकळा करावा. बादलींत पाणी भरावें. आतां विचारावें: डोळ्यावर अंगठा दाबून करवंटी उपडी पाण्यांत दाबली, तर आंत पाणी शिरेल कीं नाहीं? पुन्हां पाटीवर उत्तर, पुन्हां मोजणी. मग एकेकानें येऊन करावें. अंगठ्याला आंतून रेटा लागतो. हवा दिसत नाहीं, पण ती अंगठा ढकलते. अंगठा काढला कीं फुस्स असा आवाज होऊन हवा निघून जाते आणि पाणी आंत चढतें. पुढची पायरी: अंगठा न लावतां करवंटी झटक्यानें खालीं दाबावी. हळू दाबली तर नुसती हवा फुसकते; झटका पुरेसा असला तर डोळ्यांतून पाण्याची चिळकांडी उडते आणि पहिल्या बांकावरचीं मुलें भिजतात. हातानें खालीं दाबलें आणि पाणी वर उडालें, हें मुलांना फार चमत्कारिक वाटतें. आणि येथें चमत्कार वाटण्यास हरकत नाहीं, कारण तो आतां प्रश्नाच्या मागून आलेला आहे.

निमुळत्या चिरेचा पक्ष घेतलेल्यांसाठीं मोठी परात घ्यावी. तींत दोन फळ्या अशा उभ्या धराव्या कीं एका टोकाशीं त्या जवळजवळ भिडतील आणि दुसऱ्या टोकाशीं हातभर फांकलेल्या राहतील. रुंद बाजूनें पट्टीनें पाणी ढकललें म्हणजे लाट पुढें जातां जातां उंच होते आणि टोकाशीं फळ्यांवरून उसळते. तेंच पाणी, पण मावावयास जागा कमी; मग तें वर जाईल नाहीं तर जाईल कोठें? म्हणजे दोन्हीही पक्ष जिंकले. बामणघळींत या दोहोंपैकीं कोणाचा वांटा अधिक, हा वाद वर्गांत मिटत नाहीं, आणि तो मिटविण्याची घाईही करूं नये. त्यासाठीं दोरी घेऊन घळीची रुंदी तोंडाशीं किती, आंतल्या टोकाशीं किती, आंत कातळाचें छप्पर कोठें आहे, हें पाहावें लागेल. तास संपतां संपतां आतां शिक्षकानें व्याख्या लिहावी. अंगठ्याला जें जाणवलें त्याचें तें नांव आहे, हें मुलांना सांगावें लागत नाहीं.

घळ मोजावयास जावयाचें तर केव्हां जावयाचें? हा प्रश्न शिक्षकानें परस्पर सोडवूं नये. पहिल्या तासाहून दुसरा तास रंगेल तो यावरच. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांपाशीं याचें एक गणित आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारांची पाऊणपट तीन; म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारींही; आणि तिच्या पुढें-मागें सहा तासांवर, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमी असेल तर सहा वाजतां भरती आणि बारा वाजतां ओहोटी. मुलांपैकीं कित्येकांच्या घरीं हें गणित अजून बोलण्यांत असतें. ज्याच्या घरीं असतें तो मुलगा त्या दिवशीं वर्गाचा गुरु होतो, मग त्याचे इतर विषयांतले गुण कितीही असोत.

पण गणित मिळालें म्हणजे विज्ञान मिळालें असें नव्हे. पाऊणपटच कां? येथें चंद्राला वर्गांत आणावें लागतें. चंद्र रोज सरासरीनें पन्नास मिनिटें उशिरा उगवतो, आणि भरती त्याच्या मागोमाग तितकीच मागें सरते. एका भरतीपासून दुसरी भरती बारा तास पंचवीस मिनिटांनीं येते ती याच कारणानें. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथि; तेवढ्या अवधींत भरतीची वेळ घड्याळाच्या तबकडीवर बारा तास सरकून पुन्हां मूळ ठिकाणीं येते. बारा तासांना पंधरांनीं भागलें तर दर तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटें येतात, जुन्या मापानें अगदीं बरोबर दोन घटका. आणि पाऊणपटीच्या हिशेबानें? पंचेचाळीस. म्हणजे आजोबांचें गणित दर तिथीस तीन मिनिटें कमी भरतें, आणि चतुर्दशी येईपर्यंत ही तूट बेचाळीस मिनिटें होते. वर्गांत हें प्रथम कोणाच्या लक्षांत येईल तो उडी मारून उभा राहील. मग आजोबा चुकले काय? येथें शिक्षकानें घाईनें हो म्हणूं नये. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ करून घेत. चार-पंचमांशांची पट तोंडी करणें त्या मानानें कठीण. होडी आतां लोटावी कीं तासाभरानें, हें ठरविणाऱ्याला पाऊणकी पुरेशी होती. किती अचूक असावें हें कामावरून ठरतें, ही गोष्ट पुस्तकांत क्वचितच सांगितलेली असते.

शिवाय अठ्ठेचाळीस मिनिटांचा आंकडाही सरासरीचाच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, भरती रोज त्याहून कमी मागें सरते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, अधिक. किनाऱ्याचा आकार, समुद्राची खोली, खाडीचें तोंड, यांमुळें गांवोगांव वेळ आणखी मागेंपुढें होते. मुंबईपासून दक्षिणेस यावें तसतसें तर भरतीच्या चढउताराचें मानच कमी होत जातें. मोठ्या बंदरांची वेळापत्रकें भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षीं छापतो. पण हेदवीच्या पुळणीवर पाणी नेमकें केव्हां चढतें, हें पाठ्यपुस्तकांत कोठेंही छापलेलें नाहीं. तें हेदवीच्या मुलांनींच काढावयाचें. वाळूंत, माडांच्या ओळीपासून मोजून, ठरलेल्या अंतरावर खुंट्या ठोकाव्या. शाळा सुटल्यावर दोघां-दोघांनीं पाळी लावून पाणी कोणत्या खुंटीशीं केव्हां आलें तें घड्याळ पाहून लिहावें. वहीचे रकाने पाडावे ते तिथि, हिशेबानें आलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि दोहोंतला फरक. पंधरा दिवसांनीं फरकांचा रकाना कांहीं बोलूं लागतो. ज्या प्रश्नाचें उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाहीं, त्या प्रश्नावर मुलें ज्या हिरीरीनें तुटून पडतात ती पाहिल्यावर, लक्ष लागत नाहीं ही तक्रार नेमकी कोणाची, असा प्रश्न पडतो.

आणि येथें नुसत्या गुणांचा प्रश्न नाहीं. बामणघळीभोंवतींचा कातळ ओला असतां अतिशय निसरडा असतो. दहा लहान लाटांमागून अकरावी मोठी येते ती बजावून येत नाहीं. आणि चिरेंत पडलेल्या माणसाला वर काढणें फार कठीण असतें. दूरवरून आलेले लोक पाणी खालीं आहे असें पाहून कडेपर्यंत जातात. पाणी चढतें आहे कीं उतरतें आहे, हें त्यांना ठाऊक नसतें, कारण एका क्षणीं पाहून तें कळत नाहीं. तें तिथीवरून कळतें. आज षष्ठी, साडेचारला भरती, दोन वाजले आहेत, पाणी चढतें आहे, मागें या, असें जी मुलगी सांगूं शकते तिला भरती-ओहोटी हा धडा समजला आहे. मग उत्तरपत्रिकेंत तिनें कांहींही लिहिलेलें असो. वर्ग नेतांनाही हेंच पाळावयाचें. पावसाळ्यांत मुळींच जाऊं नये. इतर वेळीं ओहोटी पुरी होण्याच्या तासभर आधीं पोहोंचावें, पाणी फिरण्यापूर्वीं परतावें, कडेशीं मोजमाप मोठ्यांनीं करावें, आणि समुद्र ओळखणारा गांवचा एखादा कोळी किंवा खारवी बरोबर असावा. तो ‘आतां चला’ म्हणाला कीं गुरुजींनींही ऐकावें.

या साऱ्या खटाटोपांत एक गोष्ट सामानाच्या यादींत येत नाहीं. ती म्हणजे थांबणें. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीनें वर्गांतील संभाषणें ध्वनिमुद्रित करून तपासलीं आणि १९७४ सालीं आपले निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट पाहतात ती सरासरीनें सुमारें एक सेकंद; तेवढ्यांत उत्तर आलें नाहीं तर ते दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. हाच अवधि तीन सेकंदांवर नेला असतां उत्तरें लांब झालीं, अधिक मुलें बोलूं लागलीं, ‘माहीत नाहीं’ म्हणणें कमी झालें, आणि मुलें आपण होऊन प्रश्न विचारूं लागलीं. तीन सेकंद हे ऐकावयास क्षुल्लक वाटतात. वर्गापुढें उभें राहून मुकाट्यानें मोजून पाहावे, म्हणजे ते किती लांब असतात तें कळतें. ज्याला बोलण्याचा वेतनावर अधिकार मिळाला आहे, त्याला गप्प राहणें सर्वांत जड जातें.

घळ प्रत्येक गांवाला नसते, हें खरें. पण विचारावयाजोगी वस्तु नसलेलें गांव कोंकणांत तरी सांपडणार नाहीं. गणपतीला वाहतात त्या तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळल्या कीं आम्ल-अल्कली ओळखण्याचा कागद तयार होतो: लिंबानें लाल-गुलाबी, चुन्याच्या निवळीनें हिरवट. हळदीचा कागद चुन्यानें लाल होतो, पण लिंबानें मुळींच बदलत नाहीं. दोन कागदांत हा फरक कां, असें विचारून दोन्ही मुलांच्या हातीं द्यावे. जांभ्या दगडाचा तुकडा उन्हांत वाळवून वाण्याच्या तराजूंत तोलावा, रात्रभर पाण्यांत ठेवून पुन्हां तोलावा, आणि तेंच काळ्या कातळाच्या तुकड्याचें करावें. वजनांतला फरक पाहिला म्हणजे, ज्या मुलुखांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तेथें वैशाखांत हंडे घेऊन कां हिंडावें लागतें, या प्रश्नाचें एक टोक मुलांच्या हातीं लागतें. त्या मुलांच्या आयाच ते हंडे वाहत असतात.

या पद्धतीवर नेहमींचा आक्षेप असा कीं, अशानें अभ्यासक्रम पुरा कसा व्हावयाचा? आक्षेप पोकळ नाहीं. ज्या शाळेंत एक शिक्षक दोन-तीन वर्ग एका वेळीं सांभाळतो, तेथें तर तो अधिकच खरा. परंतु पुरा झाला म्हणजे काय झालें, हेंही विचारलें पाहिजे. शिक्षकानें शिकवून पुरा केला आणि मुलांनीं शिकून पुरा केला, या दोन गोष्टी निराळ्या. शिवाय प्रत्येक धड्याला घळ शोधावयास नको. वर्षांतून चार-सहा प्रश्न असे पुरेसे खोल खणले, तर बाकीचे धडे मुलें भरभर वाचून घेतात, कारण वाचतांना कशाकडे पाहावयाचें हें त्यांना कळलेलें असतें. उरलेल्या धड्यांना दोन मिनिटांचा पाटीवरचा अंदाज पुरतो.

हें सरकारी शाळांत, साध्या शिक्षकांकडून आणि अल्प खर्चांत होऊं शकतें, याचा मोठा पुरावा मध्य प्रदेशांतील तेव्हांच्या होशंगाबाद जिल्ह्यांत आहे. १९७२ सालीं तेथील सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान प्रयोगांतून शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढें तो जिल्हाभर व जिल्ह्याबाहेरही पसरला. पाठ्यपुस्तकाऐवजीं ‘बाल वैज्ञानिक’ नांवाची कार्यपुस्तिका होती. तींत उत्तरें नव्हतीं, करावयाचे प्रयोग आणि विचारावयाचे प्रश्न होते. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा होती, आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. मुलांनीं मनांत येईल तो प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक गृहस्थाला पत्रानें विचारावा आणि त्यांना उत्तर यावें, अशीही सोय होती. तीस वर्षें चाललेला हा उपक्रम २००२ सालीं सरकारनें बंद केला. त्याविषयींचा वाद येथें उकरण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांत १९७४ सालीं मुंबईस होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघालें आणि त्यानें आरंभींच्या वर्षांत जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा परिसरांतल्या ग्रामीण शाळांत काम केलें. अरविंद गुप्ता यांनीं पुण्यास आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वची नळी, जुन्या बाटल्या यांपासून शेंकडों खेळणीं करून दाखविलीं. त्यांच्या खेळण्यांचीं मराठींतील पुस्तकें आणि चित्रफिती फुकट मिळतात. म्हणजे मुलांचें लक्ष खाणारा जो मोबाइल, तोच त्या कामीं शिक्षकाला उपयोगीं पडतो. मात्र खेळणें करून दाखविण्यापूर्वीं तें काय करील, हें मुलांकडून लिहून घ्यावें. नाहीं तर पुन्हां टाळ्याच.

राहतां राहिली ती भरतीची वही. ती वर्षअखेर मुलांबरोबर घरीं जाऊं देऊं नये, शाळेच्या कपाटांत ठेवावी. पुढच्या आठवीनें जूनमध्यें ती उघडावी, तिथि आणि वेळा चाळाव्या, आणि ज्या दिवशीं पाणी हिशेबाहून फार लवकर किंवा फार वर आलेलें असेल त्या दिवसांवर खूण करावी. त्या दिवशीं वारा कोणत्या बाजूचा होता, हें मागच्या मुलांनीं बहुधा लिहिलेलें नसेल. यंदा तो एक रकाना वाढवावा.